भुजंगची प्रकृती उत्तम

९ फेब्रुवारी १९८७

‘ताडकळस-परभणी रस्त्यावर आज सकाळी एका मोटारीने मेंढपाळ भुजंग यांना धडक दिली. दोन मेंढ्या जागीच ठार झाल्या. भुजंग यांना किरकोळ मार लागला असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. या वृत्ताला खुद्द भुजंग यांनीच दुजोरा दिला.’

साप्ताहिकाला पाठवलेली बातमी इथे उतरवून ठेवली. अंक उद्या छापायला जातो, म्हणून पाकीट दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. शाळेतून निवृत्त होऊन वार्ताहर झाल्यापासूनची ही माझी एकतिसावी बातमी, आणि मी स्वतः पाहिलेली पहिलीच. म्हणजे धडक नाही पाहिली, धडकेनंतरचं पाहिलं. मी पोचलो तेव्हा मोटारीचे मालक, परभणीतले कापसाचे व्यापारी बन्सीधर शेठ, भुजंगला मागच्या सीटवर आडवा करत होते. मी खिडकीतून विचारलं, “भुजंगा, कसंय?” तो म्हणाला, “बरं हाय गुरुजी.” तिसरीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा. खोटं बोलणार नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर सुलाबाई म्हणाली, “त्याचा पाय कोणत्या दिशेला वळला होता ते बघितलं का तुम्ही?”

बायकांना बातमीपेक्षा तपशिलात जास्त रस असतो.

१३ फेब्रुवारी

परभणीच्या दवाखान्यात जाऊन आलो. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आहे आणि गुडघ्याची वाटी फुटली आहे. हे डॉक्टरांनीच सांगितलं. पायाला प्लास्टर, खाली दोन विटा. भुजंगला विचारलं, तर “बरं हाय.”

त्याला पायाची काळजी नाही, शेठच्या गाडीची आहे. गाडीतल्या सीटच्या पांढऱ्या खोळी त्याच्या रक्तानं खराब झाल्या. शेठ स्वतः दवाखान्यापर्यंत आले, चहा मागवला, बशीत ओतून त्याला पाजला. हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

त्याची बायको केवळाबाई खाटेजवळ खाली बसली होती. साठ मेंढरं आणि आठ शेळ्या तिनं भावकीतल्या माणसावर सोपवल्या आहेत. किती दिवस, ते तिलाच माहीत नाही. मेंढरांमागं रोज चार-पाच कोस चालावं लागतं. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी नदीकाठानं दोन-दोन महिने बाहेर राहावं लागतं. पाय नीट झाला नाही तर कळप विकावा लागेल, आणि कळप गेला तर दोघांना दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जावं लागेल. हे ती रडून सांगत नव्हती. हिशोब सांगत होती. येताना तिनं एक्स-रेची प्लेट माझ्याकडे दिली आणि सुलाकाकूकडेच द्या म्हणाली. माझ्याकडे का राहू नये, हे विचारायचं राहून गेलं.

२ मार्च

अंक टपालानं आता कुठे हाती आला. बातमी पान चारवर, खालच्या कोपऱ्यात. छान छापली आहे.

७ मार्च

भुजंगला घरी आणलं. मी आता या प्रकरणात लक्ष घालायचं ठरवलं आहे. मोटार अपघातात जखमी झालेल्याला नुकसानभरपाई मागता येते. परभणीत त्यासाठी न्यायाधिकरण आहे, आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. माझे जुने स्नेही माणिकराव वकील यांनी याला दुजोरा दिला. फी नंतर घेऊ म्हणाले.

भुजंगला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “गुरुजी, ज्याचा चहा पिला त्येच्यावर खटला घालायचा?”

मी म्हटलं, पैसे शेठ देणार नाहीत, विमा कंपनी देणार.

“मग तर लयच वंगाळ. त्या कंपनीनं आपलं काय केलंय?”

एक तास बोललो. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. शेवटी निघताना म्हणाला, तुमी म्हनता ते बराबर हाय, पर मी काय करनार न्हाई.

सुलाबाईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मग शेठलाच सांगायला लावा की.” मी म्हटलं, ज्याच्यावर दावा करायचा त्यालाच जाऊन सांगायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? ती म्हणाली, कायद्याचं मला माहीत नाही.

१६ मार्च

महत्त्वाची घडामोड. बन्सीधर शेठकडे जाण्याची एक कल्पना मला सुचली आणि आज ती अमलात आणली. शेठ आधी बिचकले. त्यांच्या मुनिमानं ‘आमची काही तक्रार नाही’ असा कागद भुजंगच्या अंगठ्यासाठी तयारच ठेवला होता. मी विम्याचं समजावलं तेव्हा शेठनी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला, आणि मला गाडीत घालून थेट भुजंगच्या घरी आणलं.

तिथं बाजेवर बसून ते म्हणाले, “हे बघ भुजंगा, बारा वर्षं झाली मी त्या कंपनीला हप्ता भरतोय. एक रुपया परत मिळाला नाही. तू दावा केला नाहीस तर माझं सगळं भरलेलं फुकट जाईल.”

भुजंगचा चेहरा पडला. आपल्यामुळे शेठचं आणखी नुकसान व्हायला लागलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो म्हणाला, तुमच्यासाठी करतो शेठ, वकील कुठं हाय सांगा.

केवळाबाईनं चहा केला. शेठनी तोही बशीत ओतून पिला. मला वाटतं, अशा प्रकारे सुरू झालेला दावा जिल्ह्यात दुसरा नसेल.

२० एप्रिल

वकीलपत्रावर भुजंगची सही. अंगठा नको, सही कर, मी तुला शिकवली आहे, असं मी म्हणालो. ‘भुजंग’ लिहायला त्याला पाच मिनिटं लागली. अर्ज दाखल झाला. माणिकरावांनी चोवीस हजार मागितले आहेत. आकडा ऐकून भुजंगनं त्यांना विचारलं, शेठला राग तर येनार न्हाई ना.

प्लास्टर निघालं आहे. गुडघा वाकत नाही. काठी घेऊन चालतो, बाभळीच्या सावलीपर्यंत जाऊन येतो. मेंढरांमागं केवळाबाई जाते.

१६ जुलै

कंपनीचं उत्तर कोर्टात आलं. माणिकरावांनी मला बोलावून घेतलं आणि एक कागद पुढे केला. कंपनीच्या वकिलानं पुरावा जोडला आहे. पान चारची खालच्या कोपऱ्यातली बातमी. ‘किरकोळ मार असून प्रकृती उत्तम आहे’ याच्याखाली लाल शाईनं दोन रेघा.

माणिकराव म्हणाले, “दिनकरराव, हा वार्ताहर कोण आहे, सापडला तर बघा.”

मी सांगितलं की बातमी त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारलेली होती आणि तिला जखमीनंच दुजोरा दिला होता. ते म्हणाले, तेच तर त्यांनी लिहिलंय.

१७ जुलै

सुलाबाईला बातमीबद्दल सांगितलं नाही. तिनं जेवताना विचारलं, “लाल रेघा ओढल्यात म्हणे?” माणिकरावांची बायको आणि ही एकाच भजनी मंडळात आहेत, हे मी विसरलो होतो.

३ सप्टेंबर

पायात कायमचा दोष किती, याचा दाखला सरकारी डॉक्टरांकडून घ्यायचा होता. मी, भुजंग आणि केवळाबाई असे तिघं सकाळच्या एसटीनं गेलो. मी दाराबाहेर थांबलो, कारण तपासणीत लुडबूड करू नये असं माझं मत आहे. भुजंग आत गेला. दहा मिनिटांत हसत बाहेर आला. साहेब लय चांगले हायेत म्हणाला.

दाखल्यावर दहा टक्के लिहिलं आहे.

माणिकरावांनी कपाळाला हात लावला. इतकं कमी कसं, म्हणून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. आत जाताना भुजंगनं काठी बाहेर ठेवली, पायताणाशेजारी. मोठ्या माणसापुढं कोण काठी घेऊन जातं? मग भिंतीला धरून, दात आवळून, खुर्चीपर्यंत चालला. डॉक्टरांनी विचारलं, चालता येतं का. येतंय. दुखतं का. न्हाई साहेब, बरं हाय. समोर बाहेरची रांग दिसत होती, सत्तर-ऐंशी माणसं. डॉक्टर तरी काय करणार? जे दिसलं आणि जे ऐकलं ते त्यांनी लिहिलं.

मी पहिल्यांदाच भुजंगवर चिडलो. तो म्हणाला, “गुरुजी, कुनी इचारलं की बरं हाय म्हनावं. न्हाई तर समोरच्याला वाईट वाटतंय.”

केवळाबाईनं दाखला हातात धरला. तिला वाचता येत नाही. वकिलांना म्हणाली, “धा टक्के म्हंजे किती कोस?”

माणिकरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फाईल बांधली.

२६ ऑक्टोबर

पाऊस यंदा धड झालाच नाही. गवत आताच पिवळं पडलं आहे, आणि कळपांना लवकर बाहेर काढावं लागणार. केवळाबाई एकटी दोन महिने नदीकाठी राहू शकत नाही.

पेडगावचा रायभान, भुजंगचा चुलतभाऊ, दिवाळीच्या निमित्तानं आला आहे. त्याला कळप हवा आहे. मेंढरांच्या पाठीवर हात फिरवत सगळ्यांचे दोष काढून झाले. मग भाव बोलला. ऐकून मला वाटलं, तो फक्त लोकरीचा भाव सांगतोय. भुजंग त्याला म्हणाला, घेऊन जा, तुज्याकडं बरी राहतील. केवळाबाईनं मधेच रायभानच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, “भावजी, जेवून घ्या. येत्या महिन्याच्या आखरीला सांगते.”

आखरीला का, ते तिनं सांगितलं नाही. २२ नोव्हेंबरला परभणीत लोकअदालत भरणार आहे, अपघाताचे दावे तडजोडीनं एका दिवसात मिटवणार आहेत, हे मी तिला सांगितल्याचं आठवत नाही. सुलाबाईला मात्र बोललो होतो.

१८ नोव्हेंबर

चार दिवस भुजंगची तालीम घेतोय. मी न्यायाधीश होतो आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. तो समोर.

“पाय कसा आहे?”

“बरं हाय.”

“अरे, पुन्हा. पाय कसा आहे?”

“तरास हाय साहेब.” हे इतक्या हळू म्हणतो की जणू कुणाची चुगली करतोय. मग लगेच, “पर आता बरंय.”

आज सातव्या खेपेला ‘पर’ न लावता उत्तर आलं. तेवढ्यात सुलाबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, भुजंगा, पाय कसाय? तो म्हणाला, एकदम बरं हाय काकू.

तरीही प्रगती समाधानकारक आहे.

केवळाबाईही रोज येते. तिनं तालीम बघावी अशी माझी इच्छा होती, पण ती आणि सुलाबाई आत चुलीपाशी बसून तासन्‌तास बोलत असतात. आज पाणी प्यायला आत गेलो तर केवळाबाई उभी होती आणि सुलाबाई पाटावर बसून करड्या आवाजात तिला काहीतरी विचारत होती. मला पाहून दोघी गप्प झाल्या. इतका महत्त्वाचा दिवस तोंडावर आलेला असताना यांना गप्पा सुचतात.

२२ नोव्हेंबर

कोर्टाच्या आवारात मांडव. जत्रेसारखी गर्दी. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलाशी एक न्यायाधीश. रविवार असून सगळे कामाला. बन्सीधर शेठही आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते मागच्या बाकावर डबा घेऊन बसले.

आमचा नंबर दुपारी लागला. मी सकाळपासून बजावलं होतं, त्यामुळे काठी भुजंगच्या हातात होती. टेबलापाशी येताच त्यानं ती अलगद मांडवाच्या खांबाला टेकवली.

न्यायाधीश वयस्क होते, आवाज मऊ. कंपनीच्या अधिकाऱ्यानं दाखला दाखवला, बातमी दाखवली, आणि चार हजार देतो म्हणाला. माणिकराव काही बोलणार, तोच न्यायाधीशांनी भुजंगकडे वळून विचारलं, “काय भुजंगराव, पाय कसा आहे आता?”

भुजंगराव. कुणी त्याला जन्मात असं म्हटलं नव्हतं. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होतो. त्यानं हात जोडले.

“बरं हाय साहेब. तुमच्या दयेनं.”

माणिकरावांनी पेनाचं टोपण लावलं. अधिकारी हसला नाही, पण कागद गोळा करू लागला. आणि मागून केवळाबाई पुढे आली. पदर डोक्यावर, नजर टेबलावर.

“साहेब, ह्यायला इचारू नका. मोटारीखाली पडले तवाबी हे बरंच व्हते.”

मांडवात दोन-चार माणसं हसली. न्यायाधीश म्हणाले, मग कुणाला विचारू?

“कुनालाच नका इचारू. शेळीची धार काढाया बसतेत तसं खाली बसा म्हनावं ह्यायला.”

न्यायाधीशांनी भुजंगकडे पाहिलं आणि म्हणाले, जमेल का? साहेबांना नाही म्हणणं त्याला कधी जमलेलंच नाही. तो पुढे सरकला. डाव्या पायावर खाली वाकू लागला. उजवा पाय समोर सरळ, लाकडासारखा. अर्ध्यावर आला आणि थांबला. खाली जाता येईना, वर येता येईना. कपाळावर घाम. तोंडावर मात्र हसू, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय याचं. मग तोल गेला. टेबलापलीकडून कंपनीचा अधिकारीच धावला आणि त्यानं त्याला काखेत हात घालून धरलं. भुजंगनं त्याचं मनगट घट्ट पकडलं होतं. उभा राहिल्यावर आधी ते सोडलं आणि म्हणाला, “लागलं तर न्हाई ना साहेब तुमाला?”

 अधिकाऱ्यानं आपल्या खुर्चीवर त्याला बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

केवळाबाई अजून टेबलाकडेच बघत होती. “मेंढराच्या मागं दिसाला चार-पाच कोस पडतेत. ते आता मी चालायलेय. हे घरी भाकरी करतेत. भाकरी चांगल्या करतेत, त्येचं काय न्हाई. पर मेंढरं ह्यायच्या आवाजाची हायेत. माज्या हाकेला एक बी माघारी वळत न्हाई. चालता पाय तर तुमी देऊ शकत न्हाई. ह्यायला बसाया एखादं चालतं जनावर येईल, मेंढरं राहतील, येवढं बघा.” मग पिशवीतून एक्स-रेची प्लेट काढून टेबलावर ठेवली.

न्यायाधीशांनी प्लेट उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. मग अधिकाऱ्याला बाजूला घेऊन बोलले. सोळा हजारांवर तडजोड झाली. अधिकाऱ्यानं कागदावर सही करताना एकदा मनगट चोळलं.

मागच्या बाकावर शेठ डोळे पुसत होते. मला म्हणाले, बारा वर्षांचे हप्ते वसूल झाले.

माझ्या तालमीचा अप्रत्यक्ष का होईना, उपयोग झाला याचं समाधान आहे. केवळाबाई आत बसूनही ऐकत असली पाहिजे. सुलाबाईला तसं म्हणालो. ती म्हणाली, “हो, तुमचा आवाज आतपर्यंत येतो.”

२९ नोव्हेंबर

रायभान ठरल्याप्रमाणे आखरीला आला. कळप विकायचा नाही, असं केवळाबाईनं त्याला दारातच सांगितलं. तो रागावला. मग तिनं सांगितलं की माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत भुजंगसाठी तट्टू घ्यायचं आहे, आणि घोड्यातलं सगळ्या भावकीत तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. रायभान आत येऊन बसला. थोड्या वेळानं घोड्याचे दात कसे बघायचे ते सांगू लागला.

आज सकाळी फिरायला गेलो तर शाळेच्या बुटक्या भिंतीवर भुजंग टांग टाकून बसला होता. डावा पाय दगडावर, मग उजवा सरळच्या सरळ वरून पलीकडे. टांग टाकायला गुडघा वाकावा लागत नाही. खाली उतरला, परत चढला. केवळाबाई बाजूला उभी राहून भिंतीची उंची दोरीनं मापत होती. पहिल्या ठिकाणी त्याला चढताना ओढ बसली, म्हणून त्याला चार पावलं पुढे नेलं, जिथं भिंत थोडी खचली आहे. तिथं त्याला अलगद बसता आलं. नुसतं समोर, माळाकडे बघत राहिला आणि तोंडानं मेंढरं हाकल्याचा आवाज काढला. केवळाबाईनं दोरीला तिथं गाठ मारली.

चेक पंधरा डिसेंबरच्या आत येईल, असं माणिकराव म्हणतात. जत्रा अठराच्या सुमारास भरते. शेठ गाडी पाठवतो म्हणाले आहेत, पण भुजंगला एसटीनंच जायचं आहे. रायभान दात बघणार, सौदा मी करणार असं ठरलं आहे. दोरी केवळाबाईकडे राहील. त्या गाठीच्या उंचीचं तट्टू मिळालं तर संक्रांतीच्या आत कळप नदीकडे निघेल.